पोर्सिलेन कशाला म्हणायचे?

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याच्या महात्मा फुले मंडईत कैऱ्यांचे ढीग लागतात, मोठ्या अडकित्त्याने फोडी करून देणारे कामाला लागतात आणि आसपासच्या गल्ल्यांत लोणच्याच्या बरण्या मांडल्या जातात. खाली पांढरी, खांद्यापासून वर तपकिरी, हातात घेतली तर भरभक्कम वाटणारी ती बरणी. तिच्याच शेजारी पातळ कडांचे कप, निळ्या फुलांचे मग, दुधासारख्या पांढऱ्या प्लेट्स आणि स्वस्तातल्या बश्यांच्या चळती असतात. मंडईपासून तुळशीबागेपर्यंत कुठेही विचारले, तरी या सगळ्याला बहुधा एकच उत्तर मिळते: चिनी माती.

या एका उत्तरात किमान चार वेगवेगळ्या वस्तू दडलेल्या आहेत. त्यांतली पोर्सिलेन नेमकी कोणती, याबद्दल इतिहासकार, तंत्रज्ञ आणि घरात ती वापरणारी माणसे यांची मते पूर्वीपासून वेगळी आहेत. ती मते कुठून आली आणि आज प्रश्न कुठवर येऊन थांबला आहे, याचा हा आढावा. या विषयात शिरल्यावर माझे एक मत पक्के झाले, ते आधीच सांगून टाकतो. पोर्सिलेन ओळखायचे तर माती कुठली हे विचारण्याआधी ती भट्टीत किती शिजली हे पाहावे लागते. बहुतेक वाद याच दोन प्रश्नांपैकी कोणता पहिला, यावर घुटमळतात.

एकाच नावाखालची भांडी

कुंभाराच्या भट्टीत माठ भाजला जातो तो साधारण 800-900 अंश सेल्सियसला. एवढ्या आचेत मातीचे कण एकमेकांना धरतात, पण मधली भोके तशीच राहतात. त्यांतून पाणी झिरपते, वाऱ्यावर उडते आणि माठातले पाणी गार होते. माठाला जो गुण लागतो तोच लोणच्याच्या भांड्यात दोष ठरतो. तेल, मीठ आणि आंबट रस त्या भोकांत शिरून बसले तर भांडे कधीच स्वच्छ होणार नाही.

बरणी ही पुढची पायरी. तिची माती करड्या-पिवळट रंगाची असते, 1200 अंशांच्या आसपास भाजते आणि बरीचशी घट्ट होते. इंग्रजीतून आलेला तिचा शब्द स्टोनवेअर. दगडासारखी टणक असल्याने तो योग्यच आहे. बाहेरची चकाकी म्हणजे ग्लेझ, भांड्यावर वितळून बसलेला काचेचा पातळ थर. पितळी भांड्यात आंबट पदार्थ कळकतो. बरणीत वर्षभर राहिला तरी कळकत नाही. जाड भिंतींमुळे आतले तापमान फारसे हलत नाही, आणि तोंडाला दादरा बांधला की काम झाले. बरणी उत्तम भांडे आहे, पण आजच्या कुठल्याही तांत्रिक व्याख्येप्रमाणे ती पोर्सिलेन नाही.

पोर्सिलेनला तीन कसोट्या लावतात. मूळ माती, म्हणजे धंद्याच्या भाषेत बॉडी, पांढरी असली पाहिजे. ती इतकी घट्ट झालेली असली पाहिजे, की पाणी जवळजवळ शोषणारच नाही. भांड्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी शोषण, हा सर्रास वापरला जाणारा निकष आहे. आणि पातळ असेल तिथे तिच्यातून उजेड पार झाला पाहिजे. चौथी वस्तू बोन चायना. तीही पांढरी आणि पारदर्शकतेकडे झुकणारी, पण तिच्यात हाडांची राख असते. पाचवी वस्तू या रांगेत बसवणेच चूक आहे, तरी दुकानात ती बसलेली असते: ओपल ग्लास. हलके, पांढरे, सहज न तडकणारे असे जे डिनर सेट आज घरोघरी आहेत, त्यांतले बरेचसे दुधी काचेचे असतात. त्यांत मातीचे भांडे घडवण्याची प्रक्रियाच नसते.

दुकानात उभ्या उभ्या फरक कळू शकतो. कप उलटा करावा. तळाला एक खरखरीत कडे असते, तिथे ग्लेझ नसते. ग्लेझ लावून ठेवला असता तर कप भट्टीतल्या फळीलाच चिकटला असता. त्या कड्याचा रंग म्हणजे बॉडीचा खरा रंग. तो पिवळट किंवा करडा असेल तर वरचा पांढरेपणा फक्त ग्लेझचा आहे. कड्यावर पाण्याचा थेंब ठेवावा. सच्छिद्र भांडे तो पिऊन टाकते, पोर्सिलेनवर तो तसाच बसून राहतो. मग कप उजेडाकडे धरून मागून बोट फिरवावे. बोटाची सावली आतून दिसली तर पोर्सिलेन किंवा बोन चायना. या दोघांत पोर्सिलेनची पांढराई बऱ्याचदा थोडी निळसर, थंड वाटते, तर बोन चायनाची किंचित सायीकडे झुकते. काचेच्या कपाला ते खरखरीत कडे बहुधा नसतेच.

जन्म कधी झाला?

पोर्सिलेन चीनचे, यावर दुमत नाही. वाद आहे तो काळाचा, आणि तो व्याख्येतून निघतो.

चीनमध्ये शांग राजवटीत, म्हणजे इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकात, केओलिन या पांढऱ्या चिकणमातीचा अंश असलेल्या मातीची आणि राखेच्या ग्लेझची भांडी 1100-1200 अंशांपर्यंत भाजली जात. त्यांना संशोधक आद्य-पोर्सिलेन म्हणतात. पुढे पूर्व हान काळात (इ. स. 25 ते 220) आजच्या चच्यांग प्रांतात हिरवट ग्लेझची भांडी घडली, ती अत्यंत घट्ट आणि नाद देणारी होती. चिनी विद्वानांच्या दृष्टीने ही पहिली पूर्ण पोर्सिलेन. चिनी परंपरेत भांडे घट्ट भाजलेले आहे का आणि टिचकी मारल्यावर खणखणते का, याला महत्त्व. ते पांढरे आणि पारदर्शक असलेच पाहिजे असा आग्रह नाही.

युरोपीय अभ्यासकांची परंपरा वेगळी. त्यांनी पोर्सिलेन पाहिली ती शतकानुशतकांनंतरची, पांढरीशुभ्र. म्हणून त्यांच्या हिशेबात हिरवट भांडी स्टोनवेअर ठरतात आणि पोर्सिलेनचा आरंभ उत्तर चीनमधल्या शिंग आणि नंतर तिंग भट्ट्यांच्या पांढऱ्या भांड्यांपासून, म्हणजे साधारण सहाव्या-सातव्या शतकापासून होतो. एकाच वस्तूच्या जन्मतारखेत चारशे-पाचशे वर्षांचे अंतर पडते, आणि दोन्ही बाजू आपापल्या कसोटीवर बरोबर आहेत. मला चिनी बाजू इतिहास लिहिताना अधिक उपयोगी वाटते, कारण घट्ट भाजण्याचे कौशल्य आधी आले आणि पांढरेपणा त्यावर चढला. ग्राहकासाठी मात्र पांढरेपणाची आणि शोषणाची कसोटी सोयीची.

घटकांबद्दलही एक गैरसमज पुस्तकांत टिकून आहे. चिनी पोर्सिलेन म्हणजे केओलिन आणि पेतुन्त्से या दोन द्रव्यांचा मेळ, असे सरसकट लिहिले जाते. पेतुन्त्से म्हणजे दगड कुटून केलेल्या पांढऱ्या विटा. हे वर्णन फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशक दांत्रकोल याने 1712 आणि 1722 मध्ये चिंगतचन या भट्ट्यांच्या शहरातून पाठवलेल्या पत्रांमुळे युरोपभर पसरले. ते त्याच्या काळापुरते खरे आहे. त्याआधी उत्तरेकडच्या भट्ट्या मुख्यतः केओलिनी मातीवर चालत, तर दक्षिणेत कित्येक शतके एकट्या दगडाच्या भुकटीवर काम होई. चिंगतचनला केओलिन मिसळणे साधारण चौदाव्या शतकात, युआन काळात रूढ झाले. त्यामुळे भांडे जास्त आच सोसू लागले आणि मोठाले घडे, ताटे करता येऊ लागली. इराणकडून आलेल्या कोबाल्टने ग्लेझखाली निळी चित्रे काढण्याची पद्धत याच काळात बहरली. ब्रिटिश म्युझियममधल्या 1351 सालच्या लेखाच्या दोन फुलदाण्या त्या टप्प्याचा पक्का पुरावा मानल्या जातात.

आपल्या किनाऱ्यावर

पोर्सिलेन आपल्याकडे इंग्रजांनी आणली, अशी समजूत अजून ऐकू येते. ती सोडून द्यावी लागेल.

1998 मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातले एक अरबी बांधणीचे जहाज समुद्रतळाशी सापडले. त्यात साठ हजारांच्या आसपास चिनी भांडी होती. एका वाडग्यावरचा लेख इ. स. 826 शी जुळतो. यातली बहुतेक भांडी छांगशा भट्टीची साधी स्टोनवेअर आहेत. उच्च दर्जाची पांढरी भांडी त्या मानाने थोडी. म्हणजे तेव्हाच्या सागरी व्यापारातही एकाच जहाजात भारी आणि स्वस्त माल शेजारी शेजारी प्रवास करत होता. पुढे 851 च्या सुमाराला लिहिलेल्या एका अरबी प्रवासवृत्तात चीनमधल्या अशा भांड्यांचे वर्णन येते, की ती मातीची असून काचेसारखी पातळ आहेत आणि आतले पाणी बाहेरून दिसते. याच ग्रंथात बल्हरा राजाची थोरवीही सांगितली आहे. बल्हरा म्हणजे मान्यखेटचे राष्ट्रकूट. महाराष्ट्राचा मोठा भाग त्यांच्या सत्तेखाली होता. चीनची पोर्सिलेन आणि दख्खनचा राजा, दोघेही त्या व्यापाऱ्यांच्या एकाच जगातले होते.

रायगड जिल्ह्यातले चौल हे त्या जगातले मोठे बंदर. अरब लेखक त्याला सैमूर म्हणतात, आणि अल मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी तिथे येऊन गेला होता. चौलला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी शोधकाम केले, आणि तिथे पश्चिम आशियाई ग्लेझच्या खापरांबरोबर चिनी भांड्यांचे तुकडेही मिळाले आहेत. उत्तरेला गुजरातच्या सीमेवरच्या संजाणच्या उत्खननात तीच कथा. जुन्या गोव्यातल्या पोर्तुगीज काळातल्या अवशेषांत निळ्या-पांढऱ्या पोर्सिलेनची खापरे सापडतात. दिल्लीला फिरोजशहा कोटला परिसरात मिळालेला युआन काळातल्या भांड्यांचा साठा तर जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे.

अभ्यासकांत मतभेद आहे तो या तुकड्यांचा अर्थ लावताना. काहींच्या मते चौल-संजाणसारखी बंदरे ही मालाची अदलाबदल करणारी ठिकाणे होती, आणि पोर्सिलेन इराणी आखाताकडे जाताना फुटले तेवढे तुकडे इथे राहिले. काहींना वाटते, की बंदरात स्थायिक झालेले अरब, पारशी आणि इतर व्यापारी ती वापरत असत, आणि घाटावरच्या दरबारांतही ती पोचली. दख्खनच्या सुलतानी दरबारांत चिनी भांडी होती, याला आधार आहे. विजापूरच्या गोलघुमट संग्रहालयात ती आजही पाहता येतात. उच्चभ्रू घरांत घोरी नावाच्या हिरवट भांड्यांविषयी अशी श्रद्धा होती, की विष घातलेले अन्न वाढले तर भांडे तडकते. सामान्य मराठी घरात मात्र अठराव्या शतकापर्यंत तांबे, पितळ आणि मातीच होती, यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे.

इथे एक सावधगिरी हवी. दौलताबादच्या किल्ल्यातला चिनी महाल पाहून अनेकांना तो पोर्सिलेनने मढवलेला होता असे वाटते. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तिथे कैदेत होता, म्हणून तो प्रसिद्ध. भिंतींवर निळ्या-पांढऱ्या ग्लेझच्या फरशा होत्या, आणि त्या फरशांची परंपरा इराणी आहे. चकाकणारी निळी वस्तू दिसली की ती चिनी, हा तर्क तेव्हाही चालत होता.

युरोपने रहस्य कसे फोडले

युरोपला बराच काळ पोर्सिलेन जमली नाही. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने 1575 च्या सुमारास काच आणि माती मिसळून नक्कल केली. ती सुंदर होती, पण भट्टीत वाकायची. खरी पोर्सिलेन सॅक्सनीत जमली, आणि तिथे श्रेयाचा वाद आहे. नेहमी सांगितली जाते ती गोष्ट योहान बटगरची: सोने करून दाखवतो म्हणणारा तरुण, राजा ऑगस्टसने त्याला डांबून ठेवले, आणि त्याने 1708-09 मध्ये सोन्याऐवजी पोर्सिलेन दिली. दुसरी बाजू म्हणते, की खरा पाया एरेनफ्रीड फॉन चिर्नहाउस या गणिती-शास्त्रज्ञाने घातला. तो मोठमोठ्या भिंगांनी सूर्याची उष्णता एकवटून निरनिराळी खनिजे वितळवून पाहत होता. ऑक्टोबर 1708 मध्ये तो वारला, आणि बटगरने मार्च 1709 मध्ये राजाला यश कळवले. 1710 मध्ये माइसेनचा कारखाना निघाला. कागदपत्रे पाहता दोघांपैकी कोणालाही वगळता येत नाही. चिर्नहाउसची पद्धतशीर चाचणी नसती तर बटगर कुठे पोचला असता, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

इंग्लंडने तिसरी वाट काढली. तिथे हाडांची राख मिसळण्याचे प्रयोग अठराव्या शतकाच्या मध्यापासून चालू होते. शतकाच्या अखेरीस स्पोड कारखान्याने जे मिश्रण स्थिर केले ते आजही प्रमाण मानतात: निम्मी हाडांची राख, पाव केओलिन, पाव चायना स्टोन.

भट्टीत काय घडते

कठीण पोर्सिलेनची पुस्तकी कृती अशी: 50 भाग केओलिन, 25 भाग फेल्डस्पार, 25 भाग क्वार्ट्झ. केओलिन आकार देते आणि आच सोसते. क्वार्ट्झ सांगाडा टिकवते. फेल्डस्पार 1150-1200 अंशांच्या पुढे वितळून चिकट काच होते आणि, चिक्कीत गूळ दाण्यांना धरतो तशी, बाकीच्या कणांना धरून मधल्या फटी भरून टाकते. त्याच वेळी केओलिनमधून मुलाइट नावाच्या खनिजाचे सुईसारखे स्फटिक वाढतात. काचेत अडकलेल्या या सुया हे पोर्सिलेनच्या ताकदीचे एक कारण. भोके भरली गेल्याने पाणी शिरत नाही, आणि भोकांत विखुरला जाणारा उजेड आरपार जाऊ लागतो. म्हणून घट्टपणा आणि पारदर्शकता हे दोन गुण एकाच घटनेतून येतात.

कारखान्यात काम लांब असते. खनिजे बॉल मिलमध्ये पाण्यासह दळतात. पातळ लगदा चाळणीतून आणि लोहचुंबकावरून नेतात, कारण लोखंडाचा एक कण पांढऱ्या कपावर तपकिरी ठिपका होऊन बसतो. फिल्टर प्रेसमध्ये पाणी काढून मातीच्या पोळ्या करतात, पग मिलमध्ये हवा काढून लांब कांबी पाडतात. कप आणि बश्या फिरत्या प्लास्टरच्या साच्यात जिगर-जॉली यंत्रावर वळतात. किटलीसारखी पोकळ, वाकडी वस्तू मात्र ओतून करतात: प्लास्टरच्या साच्यात मातीचे पातळ घोल भरतात, प्लास्टर पाणी ओढून घेते, आतल्या भिंतीवर थर जमतो, उरलेले घोल ओतून टाकतात. त्या घोलात थोडे सोडियम सिलिकेट घालतात, म्हणजे कमी पाण्यात माती वाहती राहते. कपाचा कान वेगळा साच्यात होतो आणि घोलानेच चिकटवतात. कान आणि कप यांचा ओलावा सारखा नसेल तर वाळताना जोडावर केसाएवढी चीर पडते, आणि ती बऱ्याचदा भाजल्यावरच दिसते. ओला कप भट्टीतून बाहेर येईपर्यंत साधारण 12 ते 15 टक्के लहान होतो, म्हणून साचा त्या हिशेबाने मोठा करावा लागतो.

पहिली भाजणी 900-1000 अंशांना. त्यातून निघालेल्या बिस्किटाला, म्हणजे कच्च्या भाजलेल्या कपाला, ग्लेझमध्ये बुडवून तळाचे कडे पुसतात आणि 1300 ते 1400 अंशांना दुसरी भाजणी करतात. शेवटच्या टप्प्यात भट्टीत हवा मुद्दाम कमी सोडतात. त्यामुळे मातीतल्या लोहाचा पिवळट रंग जाऊन निळसर छटा येते. बोन चायनाची भाजणी उलट क्रमाने होते: आधी 1250 च्या आसपास बॉडी पूर्ण पक्की, मग कमी आचेवर ग्लेझ. त्यामुळे रंगांची निवड वाढते.

दख्खनला पोर्सिलेन का नव्हती

पुण्याला कुंभारवाडा होता, पेशव्यांची राजधानी होती, मग इथल्या कुंभाराने पोर्सिलेन का केली नाही, असा प्रश्न विचारला जातो. कौशल्य कमी होते, हे उत्तर मला मान्य नाही. कारण पायाखालच्या दगडात आहे. पुणे ज्या बेसॉल्टवर उभे आहे, तो लोहाने भरलेला दगड. तो झिजून काळी आणि तांबडी माती होते. ती 1200 अंशांच्या जवळ नेली तर भांडे लिबलिबते आणि बसते. केओलिन होते ते ग्रॅनाइटसारख्या, फेल्डस्पार भरपूर असलेल्या खडकाच्या झिजण्यातून. महाराष्ट्रात असे खडक बेसॉल्टच्या पलीकडे, म्हणजे दक्षिण कोकणात सिंधुदुर्गकडे आणि पूर्व विदर्भात. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला 1955 मध्ये कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा केला, तो कुंभारकलेला नवे तंत्र देण्यासाठी. ही जागा मला योगायोगाची वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरींच्या देखरेखीखाली सुंदर ग्लेझची भांडी झाली. सिंधच्या कारागिरांचा आणि अजिंठ्याच्या नक्षीचा त्यांवर ठसा होता. ती मातीचीच होती, पोर्सिलेन नव्हती. स्वदेशीच्या लाटेत पैसा फंडाने तळेगावला 1908 मध्ये काच कारखाना काढला. साधारण त्याच काळात, 1913 च्या सुमारास, परशुराम गणपुले हा महाराष्ट्रीय माणूस सौराष्ट्रात थानगढला गेला आणि तिथल्या मातीवर त्याने सिरॅमिकचा उद्योग सुरू केला. पुढे थानगढ, वांकानेर, मोरबी हा पट्टा बरण्या, सॅनिटरी वेअर आणि फरशांसाठी देशभर ओळखला गेला. मराठी स्वयंपाकघरातल्या बरणीचा इतिहास लिहायचा, तर त्यातले एक मोठे प्रकरण थानगढचे असेल.

सोवळ्यातली बरणी, ओवळ्यातला कप

पोर्सिलेन घरात आल्यावर तिच्याबद्दलचा वाद धर्मशास्त्राचा झाला. धातूचे भांडे राखेने घासून शुद्ध होते. मातीचे भांडे उष्टे झाले की टाकून द्यायचे. चिनी कप कोणत्या रांगेत? काहींनी तो मातीचा धरला, म्हणून वर्ज्य. काहींनी काचेसारखा धरला, म्हणून धुवून चालणारा. बरणी मात्र सोवळ्यातही राहिली. आंबटखारट पदार्थ धातूत ठेवता येत नव्हते, आणि लोणचे सोवळ्यात घातले जात होते.

पुण्याला 1890 मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींनी चहा घेतला. गोपाळराव जोशी नावाच्या गृहस्थांनी तिथे गेलेल्यांची नावे छापवली, ग्रामण्य उठले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. तो वाद मुख्यतः चहा कोणाच्या हातचा यावर होता. पण पुढच्या काही दशकांत इराणी हॉटेलांतून कपबशी शहरभर पसरली, आणि घराघरांत पाहुण्यांचे कप वेगळे, घरचे वेगळे अशा वाटण्या आल्या. गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी कपबशी वेगळी ठेवली जाई, त्यांनी ती स्वतः विसळून ठेवावी अशी सक्ती असे. ज्या वस्तूत पाण्याचा थेंबही शिरत नाही, तिच्यावर शिवाशिवीचा इतका भार टाकला गेला. पोर्सिलेनच्या भारतीय इतिहासात ही बाब तळटीपेत ढकलता येणार नाही, असे मला वाटते.

आजचा तसाच प्रश्न बोन चायनाचा. जैन आणि शाकाहारी कुटुंबांतील अनेकांना हाडांच्या राखेचे भांडे नको असते. त्यांचे म्हणणे भांड्याच्या उगमाबद्दल आहे: ज्या वस्तूसाठी जनावराचे हाड लागले ती ताटात नको. दुसरे म्हणतात, हाडे भाजून राख करताना आणि पुन्हा 1250 अंशांना सेंद्रिय काही उरत नाही. उरते ते कॅल्शियम फॉस्फेट. दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत, आणि रसायनाने दुसऱ्याचे समाधान झाले तरी पहिल्याचे होत नाही. उत्पादकांनी कारखान्यात बनवलेले कॅल्शियम फॉस्फेट वापरून मार्ग काढला आहे. त्याला बोन चायना म्हणावे का, यावर अजून एकमत नाही.

काय अनिर्णित आहे

चौलच्या खापरांचा उगम हा पहिला प्रश्न. तुकड्यातल्या सूक्ष्म मूलद्रव्यांवरून तो कोणत्या भट्टीचा हे बऱ्याच प्रमाणात सांगता येते. पण वापराचा प्रश्न त्याने सुटणार नाही. त्यासाठी बंदराच्या वखारीत किती तुकडे आणि वस्तीच्या घरांत किती, याची काळजीपूर्वक नोंद लागेल.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. नीट भाजलेली पोर्सिलेन स्वतः निरुपद्रवी आहे. शंका असते ती ग्लेझवरच्या रंगीत नक्षीची. हे रंग साधारण 750-850 अंशांना पक्के करतात, आणि काहींत शिसे किंवा कॅडमियम असू शकते. आंबट पदार्थ अशा नक्षीला लागून बराच वेळ राहिला, तर ती द्रव्ये पाझरू शकतात. आतल्या बाजूला नक्षी असलेल्या बाऊलमध्ये लिंबाचे लोणचे किंवा दही मुरवू नये, एवढे आजच सांगता येते.

तिसरा फुटलेल्या मालाचा. भाजलेली पोर्सिलेन पुन्हा ओली माती होत नाही. पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर चायना मोझॅक करणाऱ्या कारागिरांनी तिच्या तुकड्यांना पाणी अडवण्याच्या कामाला लावले, हा एक जुना आणि चांगला उपयोग. दळून पुन्हा बॉडीत थोड्या प्रमाणात मिसळता येते, पण रंगीत आणि मिश्र भंगार वेगळे कोणी करायचे, हे ठरलेले नाही.

आणि चौथा मंडईतल्या ग्राहकाचा. खुर्जा आणि जयपूरचा माल, चिनी आयात, ओपल ग्लास हे सगळे एकाच फळीवर असताना खोक्यावर बहुधा ब्रँड आणि नगांची संख्या असते. चिनी सिरॅमिक भांड्यांवर 2018 मध्ये केंद्राने डम्पिंगविरोधी शुल्क लावले; त्यातून किमतीचा प्रश्न हाताळला गेला, वस्तू कोणती हे सांगण्याचा नाही. काही तंत्रज्ञांच्या मते बॉडीचा प्रकार, पाणीशोषणाची टक्केवारी, हाडांची राख आहे की नाही आणि नक्षी अन्नाला लागते का, या चार गोष्टी खोक्यावर छापणे पुरेसे आहे. त्याविरुद्ध मुद्दा असा मांडला जातो, की लहान भट्टीवाल्याला प्रत्येक खेपेची चाचणी परवडणार नाही, आणि मोठ्या कारखान्यांनाच त्याचा फायदा होईल. पाणीशोषणाची चाचणी करायला मात्र भांडे उकळवणे, पुसणे आणि अचूक तराजूवर वजन करणे एवढेच लागते. त्यामुळे निदान ती एक माहिती छापण्याला खर्चाची अडचण मला पटत नाही. शिसे-कॅडमियमच्या तपासणीला प्रयोगशाळा लागते, आणि तिचा खर्च उत्पादकाने, व्यापाऱ्याने की सरकारने उचलायचा, हे अजून ठरायचे आहे.